नायकाचं सुतक

तांड्याचं नाव अमरसिंगचा तांडा असलं, तरी तांड्यावर अमरसिंगचं फारसं काही चालत होतं अशातला भाग नाही. दिग्रसच्या बाजारात कोणी विचारलं की पोरं छाती काढून ‘अमरसिंगच्या तांड्याचे’ म्हणून सांगत. घरी आल्यावर त्याच अमरसिंगने ‘बैल नीट बांधा रे बाबूहो’ म्हटलं, की या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत.

आजाच्या काळात असं नव्हतं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तांडा मुलूखभर फिरायचा आणि नायक बोट दाखवील तिकडे बैल वळायचे. बापाच्या काळात लदेणी बुडाली, रेल्वेने पोटावर पाय दिला, आणि तांडा पिंपळदऱ्याच्या शिवेला टेकून कापूस-तूर पेरू लागला. तेव्हा नायकाचं काम निवाड्याचं झालं. लिंबाखाली बसायचं, दोन्हीकडचं ऐकायचं, दंड सांगायचा. अमरसिंगच्या वाट्याला आली ती ग्रामपंचायत. गाव आणि तांडा मिळून एकच पंचायत, सरपंच गावचे बापूजी, आणि शिक्काही त्यांच्याच खिशात. नायकाकडे उरली एक होळी. तांड्याची होळी नायकाच्या परवानगीशिवाय पेटत नाही, म्हणून पोरं डफ वाजवत दारात यायची, नायक थोडे आढेवेढे घ्यायचा आणि मग ‘जा, पेटवा’ म्हणायचा.

“बाकीचं सालभर म्या काय करावं?” असं तो बायकोला विचारी.

“सरपन फोडा,” रामीबाई म्हणे.

(तांड्यात आपसातलं बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत चालायचं, गावाशी वऱ्हाडीत. इथे सगळं वऱ्हाडीतच सांगितलं आहे. रामीबाईची गोरबोलीतली जीभ वऱ्हाडीपेक्षाही तिखट होती एवढं वाचकाने मनात धरावं म्हणजे झालं.)

तर एकसष्ट सालच्या पोळ्याला घात झाला. पिंपळदऱ्यात पोळा भरला, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, गावाचे आणि तांड्याचे बैल रांगेत उभे राहिले. तोरणाखालून पहिली जोडी जायची ती किसनराव पाटलाची, हा मान बापजाद्यापासूनचा. त्या दिवशी झडत्यांची गाणी रंगात आली, डफडं कडाडलं, आणि अमरसिंगच्या पुतण्याचा, शंकरसिंगचा, हिरा नावाचा बैल बिचकला. दावं तोडून तो थेट तोरणाखालून पार झाला. लोक हसले. हसले म्हणूनच किसनरावांचं डोकं फिरलं. त्यांनी हातातली काठी फेकून मारली, ती हिऱ्याच्या शिंगावर बसली आणि सकाळीच लाल रंगवलेलं शिंग मुळापासून मोडून लोंबू लागलं.

पोळ्याच्या दिवशी बैलावर काठी उचलायची नसते, हे किसनरावांना सांगायला कोणी नको होतं. पण चुकलेला माणूस नरमण्याऐवजी जास्तच ताठतो. त्यांनी चूक कबूल केली नाही. तांड्यातल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या कळ्या धरलेल्या कापसात जनावरं सोडली. गावाने मग तांड्याची सडकेवर जायची वाट बाभळीच्या काट्या टाकून बंद केली. सरपंच बापूजींना नेमकं त्याच दिवशी मारेगावला दिलेल्या लेकीची फार आठवण आली आणि शिक्क्यासकट ते तिकडे निघून गेले.

अमरसिंगचा लेक देवीलाल या सगळ्याच्या आधीच सुटीवर आला होता. देवीलाल पलटणीत शिपाई. आधीचं एक वर्ष त्याची पलटण गाझा नावाच्या रेतीच्या मुलखात होती. तिथून तो एक निळी टोपी घेऊन आला होता. टोपी बघायला तांडा लोटला, आणि अमरसिंग तर रोज सांजच्याला लेकाला लिंबाखाली बसवून तेच ते विचारी.

“एक चर खनेल हाये, बा,” देवीलाल सांगायचा. “या अंगाले हे, त्या अंगाले ते. दोघंही एकमेकाच्या जिवावर उठेल. आमी मधात. बंदूक हाये, पन आपल्यावर चालून आल्याबिगर चालवाची नाही.”

“मंग उभे कायले राह्यचं?”

“उभं राह्याले. आमी मधात हाओत म्हनून ते येत नाहीत.”

अमरसिंगला हे भारी वाटे. मग तो हळूच मुख्य गोष्टीवर येई. “आन तुमचा नायक?”

हा नायक म्हणजे साऱ्या देशांच्या सभेचा मुख्य. देवीलालने त्याला कधी पाहिलं नव्हतं. कँटीनच्या भिंतीवर फोटो होता तेवढाच. थंड मुलखातला माणूस, लग्न केलेलं नाही, पोरबाळ नाही. “सुबेदारसाहेब सांगे, आधी त्याचं काम कागदाचं होतं. सभा भरवाची, कोन काय बोललं ते लिहून ठेवाचं. पन ह्यानं रीत बदलली. भांडन लागलं का हा सोता उठून जाते. त्याच्यापाशी सोताची फौज नाही, बा. जमीन नाही. एक शिपाई पायजे तं दुसऱ्याले मागा लागते. आमालेबी मागूनच नेलं.”

“म्हनजे माह्यासारखाच,” अमरसिंग म्हणाला आणि खो खो हसला.

“एका लय मोठ्या मुलखाचा धनी भर सभेत म्हने, एक नायक नोको, तीन ठेवा. तू सोड गादी. तं हा म्हने, तुमाले मोठ्याइले माही गरज नाही. लहान्याइले हाये. ते म्हनतीन तवरलोक मी हलत नाही.”

अमरसिंगचं हसू थांबलं. “असं म्हनला?”

“असंच म्हनला म्हनतात.”

“आन कोनी ऐकलंच नाही त्याचं, तवा तो काय करते?”

देवीलालने थोडा विचार केला. “पुन्हा जाते, बा. पुन्हा विचारते.”

अमरसिंगने ते स्वतःशी ताडून पाहिलं. इकडे आपण एकदा सांगतो, पोरं ऐकत नाहीत, मग आपण घरात जाऊन रुसतो. थंड मुलखातला तो माणूस त्याला आपल्या चुलतभावासारखा वाटू लागला. आपल्यापेक्षा शहाणा आणि आपल्याइतकाच बिनहत्यारी.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात गोष्ट हाताबाहेर गेली. वाट बंद होऊन बायकांना दुधाचे गडवे घेऊन नाल्याच्या चिखलातून सडक गाठावी लागत होती. एके दिवशी उतरत्या उन्हात तांड्यातली तरणी पोरं लिंबाखाली जमली ती काठ्या घेऊनच. मध्ये शंकरसिंग.

“उद्या सकाळी काट्या फेकून गाड्या काढाच्या,” तो म्हणाला. “आडवा येईन त्याचं शिंग मोडाचं.”

अमरसिंग पागोटं सावरत उठला. “कोनी जानार नाही. म्या सांगून राह्यलो.”

शंकरसिंग पुतण्या, अंगाखांद्यावर खेळलेला. त्याने काकाकडे पाहिलं, आणि उर्मटपणाने नाही तर अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, “काका, तुमी होळीले सांगा. होळीले आमी तुमचं ऐकतोच ना?”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.  उद्या या लिंबाखालून जे जातील ते सगळे परत येणार नाहीत, हे अमरसिंगला चुलीवरच्या तव्याइतकं स्वच्छ दिसत होतं. गावातही काठ्या होत्या आणि किसनराव मागे हटणारे नव्हते. एकाचं डोकं फुटलं असतं की पुढच्या दोन पिढ्या कोर्टात आणि तुरुंगात गेल्या असत्या. आणि हे सगळं अडवायला त्याच्याजवळ होतं काय, तर एक पागोटं.

तेवढ्यात नाल्याच्या अंगाने देवीलाल आला. हिऱ्याच्या शिंगाला लावायचं औषध आणायला तो दिग्रसला गेला होता. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहरा उतरलेला.

“काय झालं रे?”

“आमचा नायक गेला, बा.” देवीलालने औषधाची पुडी खाली ठेवली. “जिनिंगजवळच्या हाटेलात रेडिओवर सांगतलं. काँगोच्या बाजूले भांडन पेटलं होतं. ते सोडवाले चालला होता इमानात. इमान जंगलात पडलं.”

“सोडवाले चालला होता?”

“हो.”

अमरसिंग होता तिथेच खाली बसला. कधी न पाहिलेला माणूस आपल्या घरचाच कसा झाला हे त्याचं त्यालाच कळेना. पुन्हा गेला होता. पुन्हा विचारायला गेला होता.

तो उठला तो वेगळाच. त्याने डोक्यावरचं पागोटं काढलं, घडी केली आणि लिंबाच्या बुंध्याशी ठेवलं. नायक मेल्यावर तांड्यात असंच करतात. काय चाललंय ते म्हाताऱ्यांना आधी कळलं, पोरांना मागाहून.

“सुतक पडलं,” अमरसिंग म्हणाला. “आज-उद्या चूल पेटाची नाही. तेरवीलोक, तेरा दिस, काठी उचलाची नाही.”

ही लदेणीच्या दिवसांतली रीत. वाटेत नायक मेला की तांडा कोणाशीही भांडत नसे. हुकूम देणारा नाही आणि आवरणाराही नाही, मग काठी उचलायची कोणाच्या नावाने? ही रीत कोणी विसरलं नव्हतं, फक्त बरीच वर्षं कामाला पडली नव्हती.

“कोनाचं सुतक?” शंकरसिंग ओरडला. “तो ना गोरमाटी, ना आपल्या मुलखाचा. आपला नायक होता का तो?”

“माहा होता,” देवीलाल म्हणाला. “सालभर त्याचं मीठ खाल्लं म्या.”

“तू खाल्लं. आमी नाही खाल्लं.”

इथे गोष्ट अडली असती.  पण पुरुष लिंबाखाली बोलत असले तरी चुली बायकांच्या ताब्यात असतात. रामीबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती, हातात पिठाची परात. ती आत गेली. आतून चर्र आवाज आला आणि दारातून राखेचा धूर बाहेर पडला. ती रिकामा गडवा घेऊन बाहेर आली.

“शंकऱ्या,” ती म्हणाली, “माहा लेक सालभर दोन फौजाइच्या मधात उभा होता. रोज म्या सेवाभायाले हात जोडो का बा, आज तं गोळी नाही लागली ना. त्या मानसानं माह्या लेकाच्या हातून कोनाले मारलं नाही आन त्याले कोनाच्या हातून मरू देल्लं नाही. जसा नेला तसा जित्ता वापस देल्ला. तो कोन्या जातीचा, कोन्या मुलखाचा, मले काय कराचं हाये? त्याच्यासाठी एक सांज उपाशी निजता येत नाही का मले?” तिचा आवाज फुटला, आणि फुटला म्हणून ती आणखी चिडली. “तुले भाकर पायजे तं जाय, किसनरावाच्या घरी खाय!”

शेजारच्या खोपटात चर्र झालं. मग पलीकडे. एकेका घरातून राखेचा धूर निघाला आणि विरला, आणि दिवस बुडाला तेव्हा तांड्यात एकही चूल जळत नव्हती. शंकरसिंगची आई सुखीबाई हिने तर वरणाच्या पातेल्यासकट चूल विझवली, असं पुढे कितीतरी दिवस सांगत. उपाशी पोटी काठ्या जड झाल्या. पोरं त्या कोपऱ्यात उभ्या करून निजायला गेली.

सकाळी अमरसिंग एकटाच वाटेवर गेला. डोकं उघडं, पायात काही नाही. काट्यांच्या पलीकडे किसनराव आणि गावचे दहा-वीस गडी लाठ्या घेऊन उभे होते. तांड्यातून कोणी येणार ही बातमी त्यांना आधीच पोचली होती. आलेला म्हातारा आणि तोही बोडका, हे पाहून ते एकमेकांकडे बघू लागले.

“नायक, एकलाच?” किसनराव म्हणाले. “पोट्टे कुठं लपवले?”

“घरी हायेत. आमच्यात सुतक हाये, पाटील.”

सुतक म्हटल्यावर किसनरावांची काठी आपोआप खाली आली. “कोन गेलं?”

अमरसिंगने सांगितलं. सांगताना त्याची जीभ अडखळली, कारण दिवसाउजेडी, लाठीवाल्यांपुढे ते सगळं भलतंच वाटत होतं. मागचा एक गडी फिसकन हसला. “म्हनजे गोऱ्या साहेबाचं सुतक बंजाऱ्याले?”

पण किसनराव हसले नाहीत. त्यांच्या घरी बॅटरीचा रेडिओ होता. “म्याबी ऐकलं काल,” ते म्हणाले. “पन नायक, तो तुमचा ना नात्याचा ना गोताचा.”

“नात्याचा नाही, मिठाचा हाये. माह्या पोरानं त्याची चाकरी केली.” अमरसिंगने हात जोडले. “तेरवीलोक आमचा एकबी गडी काठी उचलनार नाही. मंग तुमची काठी हाये, आमची हाये, ते कुठं पळून नाही जात. तवरलोक तुमच्या पोट्ट्याइले आवरा.”

किसनरावांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. एरवी अमरसिंग इथे रागावून परत फिरला असता. तो वळलाही. दोन पावलं गेला आणि त्याला देवीलालचं बोलणं आठवलं. तो पुन्हा मागे आला, काट्यांजवळ, वाटेच्या मधोमध मातीत बसला.

“पाटील,” तो म्हणाला, “पुन्हा इचारतो. आवराल ना?”

पाटलांनी नुसती लाठी या हातातून त्या हातात घेतली. पण बसलेल्या, उघड्या डोक्याच्या म्हाताऱ्यापुढे लाठ्या घेऊन उभं राहायचं तरी किती वेळ? निंदणाचे दिवस, पाऊस उघडलेला, शेतात तण माजलेलं. एक गडी म्हणाला, जरा वावरात जाऊन येतो. दुसऱ्याला बैल आठवले. ऊन वर चढलं तेव्हा काट्यांच्या एका बाजूला अमरसिंग उरला आणि दुसऱ्या बाजूला किसनराव. दोघांपैकी कोणीही जागचं हलत नव्हतं.

दुपारी गावाकडून तानाबाई आली, किसनरावांची बायको. डोक्यावर टोपली, मागे आणखी सात-आठ बाया, साऱ्यांच्या डोक्यांवर टोपल्या. ताज्या भाकरीचा वास काट्यांच्या इकडेही आला.

“कुठं चालल्या?” किसनरावांनी विचारलं.

“तांड्यावर. काल सांजपासून धूर नाही तिथं.”

“त्याइच्या घरचं कोनी मेलं नाही.”

“मेलं का नाही मेलं ते तुमी पाहत बसा. चूल विझली म्हनल्यावर घास न्याचा का नाही?” तानाबाईने टोपली सावरली. “माहा लेक बाळू गेला त्या दिवशी आपल्या घरात कोनाले भाकरीची सुद नव्हती. रामीबाईनं दूध-भाकर आनून मले लेकरासारखं चारलं होतं. तुमालेबी चारलं होतं. इसरले?”

किसनराव विसरले नव्हते. अमरसिंगने मान खाली घातली, कारण त्या दिवशीचे किसनराव त्याने पाहिले होते.

“वाट बंद हाये,” किसनराव पडल्या आवाजात म्हणाले.

“मंग उघडा. मी काय टोपली घिऊन उडून जाऊ?”

 किसनरावांनी धोतराचा सोगा खोचला, लाठी बांधावर टाकली आणि बाभळीच्या पहिल्या डहाळीला हात घातला. डहाळी अडकली होती. पलीकडून अमरसिंग उठला आणि त्याने दुसरं टोक धरलं. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून ओढली, दोघांनाही काटे बोचले, दोघांनीही एकाच वेळी तोंडातल्या तोंडात एकच शिवी दिली. बायांनी पदर तोंडाला लावले. सगळ्या काट्या बाजूला होईपर्यंत दोघांची बोटं रक्ताने भरली. आणि ज्यांनी वाट बंद केली होती, त्यांनीच ती सुतकाचा घास जाण्यासाठी उघडली. पुन्हा ती कोणी बंद केली नाही.

तांड्यात तानाबाई आधी रामीबाईच्या गळ्यात पडली. मग ती शंकरसिंगच्या गोठ्यात गेली. हिरा मान खाली घालून उभा होता. तिने पदराच्या गाठीतली हळद काढून मोडक्या शिंगाच्या बुडख्याला लावली, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, “पोळ्याच्या दिवशी. बैलावर. माफ करजो रे बाप्पा.” शंकरसिंग दाराला टेकून उभा होता. तिने त्याच्या हातावर भाकर आणि झुणका ठेवला. आदल्या दिवसापासून उपाशी असलेला तो गडी आधी भाकरीकडे पाहत राहिला, आणि मग उभ्या उभ्याच खाऊ लागला. खाता खाता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

तेरवी झाली. कोणाची म्हणून विचाराल तर सांगणं कठीण, पण झाली. लापशीची कढई चढली आणि गावही जेवायला आलं. सरपंच बापूजीही मारेगावहून वेळेवर परतले. शिक्के मारणाऱ्यांना पंगतीचा वास लांबून येतो.

जेवणं झाल्यावर पागोट्याचा प्रश्न आला. नायकाच्या तेरवीला वारसाच्या डोक्याला पागोटं बांधतात. या नायकाला तर लेक नाही. बुंध्याशी ठेवलेलं अमरसिंगचं पागोटं तसंच पडून होतं.

“तिकडे कोन बसला त्याच्या जागी?” अमरसिंगने लेकाला विचारलं.

“अजून कोनी नाही, बा. ठरून राह्यलं.”

“मंग तुमचे ते निळ्या टोपीवाले? उठले असतीन तिथून.”

“नाही,” देवीलाल म्हणाला. “तसेच उभे हायेत. चराच्या काठावर. कोनी हललं नाही.”

अमरसिंगने हे दोनदा विचारून घेतलं. आजवर त्याने असंच ऐकलं होतं की नायक गेला की तांडा उठतो, विस्कटतो, ज्याला जिकडे वाट दिसेल तिकडे जातो. आणि इथे नायक जंगलात पडला, तरी त्याची माणसं रेतीत उभी होती. म्हणजे त्या माणसाने आयुष्यभर हुकूम केले नाहीत, तर उभं राहायला शिकवलं. आपण उगाच आजाच्या बोटाची आस धरून बसलो होतो.

त्याने बुंध्याशी जाऊन पागोटं उचललं. तांड्यातल्या म्हाताऱ्यांना वाटलं तो ते आपल्यापुढे धरील, कारण नायकाला पागोटं तांडाच बांधतो. अमरसिंग त्यांच्यापुढून निघाला आणि किसनरावांसमोर उभा राहिला.

“तुमी बांधा, पाटील.”

“मी?” किसनराव गोंधळले. “मी तं तांड्याचा नाही.”

“म्हनूनच. एका बाजूनं बांधलेलं पागोटं एकाच बाजूले आवरते. मले आता मधात राह्यचं हाये.”

किसनरावांनी शंकरसिंगकडे पाहिलं. शंकरसिंगने होकाराची मान डोलावली. मग किसनराव उठले. त्यांनी आधी खिशातून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढून शंकरसिंगच्या हातात दिली. ती पितळेची शेंबी होती, बैलाच्या शिंगाच्या टोकाला घालतात तसली, पण रुंद आणि आखूड, मोडक्या बुडख्याच्या मापाची. दिग्रसच्या तांबटाकडून मुद्दाम घडवून घेतलेली. “माह्या हातून मोडलं,” एवढंच ते म्हणाले. त्यांच्यासारख्या माणसाला तेवढं म्हणायला तीन आठवडे लागले होते. मग त्यांनी पागोट्याचा पदर धरला. बंजाऱ्याचं पागोटं बांधायची सवय नसल्याने ते वाकडंच बसलं. अमरसिंगने ते सरळ केलं नाही.

देवीलाल पलटणीत परत गेला. दिवाळी आली. तांड्यात दिवाळीला पूर्वजांना धबुकार देतात. चुलीतल्या निखाऱ्यांवर गूळ आणि तूप वाहायचं आणि गेलेल्यांची नावं घ्यायची. सकाळी रामीबाई चुलीपुढे बसली होती, मागे अमरसिंग हात जोडून. एवढ्यात दारात किसनराव येऊन उभे राहिले. रेडिओ ऐकून तडक चालत आले होते, दम लागला होता.

“नायक,” ते म्हणाले, “आपला नवा नायक ठरला. ब्रह्मदेशाचा हाये. पह्यले मास्तर होता म्हने.”

‘आपला’ म्हणाले. अमरसिंगने ते ऐकलं आणि ऐकून घेतल्याचं दाखवलं नाही. त्याने फक्त आत सरकून किसनरावांना चुलीपाशी जागा केली. ज्याचा जीव घ्यायला तांडा उठला होता, तो आज आपल्या चुलीपाशी बसला आहे, आणि लेक जिवंत आहे, आणि हिऱ्याच्या शिंगावर पितळ चमकत आहे. एवढं सगळं देणाऱ्याचे उपकार आपण कुठे आणि कसे फेडावेत, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

रामीबाईने निखाऱ्यांवर गूळ टाकला. तूप सोडलं. ज्वाळ उठली. तिने सासऱ्याचं नाव घेतलं, आजेसासऱ्याचं घेतलं, आणि किसनराव बसले होते म्हणून मुद्दाम बाळूचंही घेतलं. किसनरावांनी डोळे मिटले. मग ती थांबली. त्या थंड मुलखातल्या माणसाचं नाव देवीलालने तिला कितीदा सांगितलं होतं, पण ते तिच्या जिभेवर चढत नव्हतं. त्याच्या नावाने गूळ टाकणारं त्याचं कोणी लेकरू नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

तिने गुळाचा सगळ्यात मोठा खडा उचलला.

“आन माह्या पोराचा नायक,” ती म्हणाली, आणि खडा निखाऱ्यावर ठेवला.